शेगडी दुसऱ्यांदा उडाली

७ जुलै २०२५, चिपळूण
शेजारच्या वहिनींची इंडक्शन शेगडी माझ्या टेबलावर आली आहे. मागच्या महिन्यात बंद पडली, तेव्हा बाहेर दुरुस्तीला दिली होती. पार्ट बदलला, सातशे रुपये घेतले. काल एकादशीची खिचडी चढवली आणि फट् आवाज होऊन घरभर अंधार, एमसीबी खाली.

खोलली. फ्यूजची काच आतून काळी पडलेली. तार नुसती तुटली असती तर काच स्वच्छ राहिली असती. काळी काच म्हणजे सरळ शॉर्ट. मल्टिमीटर बीपवर लावून आयजीबीटीच्या पायांना टोचला; दोन्हीकडून पीं. शेजारचा ब्रिज रेक्टिफायरही गेलेला. आयजीबीटीच्या पायांवरचे डाग चकचकीत, म्हणजे हाच तो मागच्या महिन्यातला नवा पार्ट.

नवा पार्ट इतक्यात मेला, म्हणजे त्याला मारणारा अजून बोर्डावरच बसलाय. तो सापडेपर्यंत पुन्हा आयजीबीटी घालणं म्हणजे वहिनींचे पैसे जाळणं.

८ जुलै
दिवसभर पाऊस, लाइट नाही. मीटरला लाइट लागत नाही, तेव्हा खिडकीपाशी बसलो.

आयजीबीटी म्हणजे या शेगडीतला चालू-बंद करणारा हात, सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा. कॉइल आणि मोठा कपॅसिटर यांच्या हेलकाव्यात त्याच्यावर हजार व्होल्टच्या आसपास दाब चढतो आणि उतरतो. चालू व्हायचं ते दाब उतरल्यावरच. उतरला की नाही, ही खबर कॉइलच्या दोन्ही टोकांकडून मोठ्या किमतीच्या रेझिस्टरांची रांग नेते. खबर चुकली की हात भलत्या वेळी पडतो आणि खेळ खलास.

मेलेला आयजीबीटी काढून ती रांग एकेक करून मोजली. नारिंगी-नारिंगी-पिवळा, म्हणजे ३३० किलोओहम. तिघे नीट. चौथ्यावर मीटर दीड मेगाओहमच्या वर. याचा पाय सोडवून बघायचीही गरज नाही: बोर्डावर असताना बाजूच्या वाटांमुळे आकडा कमी दिसू शकतो, जास्त दिसला तर रेझिस्टरच वाढलाय. दिसायला मात्र अगदी साजूक, ना काळा ना फुगलेला. जळलेलं तेवढंच बदलणाऱ्याला तो दिसायचाच नाही.

९ जुलै
भाच्याला फोन करून लॅमिंग्टन रोडवरून आणायची यादी दिली. आयजीबीटी १२०० व्होल्ट, २० अँपिअरचा. जुना नंबर घासून नवा छापलेला माल फिरतो, म्हणून दोन आण म्हटलं. रेझिस्टर मात्र चारही नवे घालणार. एक म्हातारा झाला की त्याच्या वयाचे बाकीचेही आलेच.

१२ जुलै
भाचा दुपारी मांडवीने आला. येताना वडापावही आणले. चिपळुणात मिळत नाहीत जणू.

आधी ब्रिज, फ्यूज, रेझिस्टर लावले. आयजीबीटी न घालताच प्लग दिला, तोही १०० वॅटच्या पिवळ्या बल्बमधून सिरीजमध्ये. एलईडी इथे चालत नाही. शॉर्ट असेल तर करंट अडवायला तारेचाच बल्ब लागतो. हे बल्बही आता शोधावे लागतात, माझ्याकडचे तीन मी कुणाला देत नाही. फॅन-ड्रायव्हरचे १८ व्होल्ट आले, ५ आले. प्लग काढून मोठा कपॅसिटर रिकामा केला, मग हीटसिंकला ताजी पेस्ट लावून आयजीबीटी कसला. पुन्हा सिरीज. बल्ब क्षणभर उजळून विझला. बटण दाबलं: भांडं नसल्याची टीं-टीं आणि बल्बची बारीक लुकलुक. हवं होतं तेच.

मग थेट लाइनवर घेतली. बिडाच्या तव्यात पाणी ठेवून अर्धा तास पूर्ण ताकदीवर चालवली.

संध्याकाळी वहिनी आल्या. काय गेलं होतं ते दाखवायला तो रेझिस्टर त्यांच्या तळहातावर ठेवला.
"एवढासा? किती रुपयांचा?"
"दोन-तीन."
"आणि भाऊजी, मग ते सातशे कशाचे घेतले?"