मुक्या सोबत्यासह घाटाखालीं

महाप्रस्थानिक पर्वांतील कथा आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. भावंडें व द्रौपदी वाटेंतच पडलीं. हिमालयाच्या चढणीवर युधिष्ठिरामागें उरला तो एक कुत्रा. इंद्राचा रथ समोर उभा असतां, कुत्र्यास टाकून त्यांत चढावयास धर्मराज तयार झाला नाहीं. तो कुत्रा प्रत्यक्ष यमधर्म निघाला, त्यामुळें त्यास रथांत कोठें व कसें बसवावें हा प्रश्न व्यासांस पडला नाहीं. आतां घरोघर मोटारी झाल्या आहेत आणि पुष्कळ घरांत कुत्राही आहे. तेव्हां महाभारतांत न आलेला हा प्रश्न साध्या गृहस्थासच सोडवावा लागतो. गेल्या वैशाखांत पुण्याहून कोकणांत उतरतांना तो आम्हांस सोडवावा लागला. तो प्रवास आणि त्या ओघानें कळलेल्या चार गोष्टी येथें देत आहों.

निमित्त नातवाच्या मुंजीचें होतें. दापोली तालुक्यांतील मुरुड येथें आमच्या चुलत बंधूंचें घर आहे. समारंभ तेथें करण्याचें ठरलें. सारें घर पंधरा दिवस बाहेर राहणार, मग मोत्याचें काय करावयाचें? मोत्या हा साधा गांवठी कुत्रा, वय 9 वर्षें, वजन 18 किलो. मागें एकदां त्यास तीन दिवस परक्या ठिकाणीं ठेविलें होतें, तेव्हां त्यानें अन्नास तोंड लाविलें नव्हतें. धाकटे बंधु म्हणाले, “कुत्र्यासाठीं कोणी मुंजीची मोटार अडवितो काय?” आमच्या मातोश्री 87 वर्षांच्या असून सोंवळ्याओंवळ्यास फार कडक आहेत. मोत्यास माजघराचा उंबरठा ओलांडण्याची त्यांच्या राज्यांत मुभा नाहीं. परंतु निकाल त्यांनींच दिला. “नऊ वर्षें आपल्या दाराशीं बसला तो. आतां कोणाच्या दाराशीं बसेल? त्याला न्या, पण नेणार असाल तर नीट न्या. मुक्या जिवाचे हाल माझ्यानें पाहवणार नाहींत.”

नेणें सोपें, नीट नेणें कठिण. निघण्यापूर्वीं तीन आठवडे पुतण्यानें मोत्यास पशुवैद्यांकडे नेलें. रेबीजची लस टोंचल्याची नोंद असलेली पुस्तिका बरोबर घेतली. कारण परगांवीं कोणास दांत लागला, तर पहिला प्रश्न त्याच लसीचा येतो. नंतर रोज संध्याकाळीं त्यास मोटारींत बसवून थोडें थोडें फिरविलें. ज्या कुत्र्यास मोटार म्हणजे केवळ सुईची वाट एवढेंच ठाऊक आहे, तो तींत पाय ठेवतांच थरथरूं लागतो. मोटारीच्या शेवटीं कधीं टेंकडी, कधीं बाग येते असें एकदां त्याच्या मनानें घेतलें, कीं तो आपण होऊन चढतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पट्ट्याची. पुष्कळ मंडळी कुत्र्यास मोकळा सोडतात किंवा मांडीवर घेऊन पुढें बसतात. यांत काय धोका आहे, हें जुन्या मास्तरकीस अनुसरून आम्हीं मुलांस गणितानें दाखविलें. मोटार ताशीं 50 किलोमीटर वेगानें जात असली, म्हणजे सेकंदास सुमारे 14 मीटर जाते. ती एकाएकीं आदळून थांबली, तर आंतला मोकळा प्राणी त्याच वेगानें पुढें जातो. सुमारे 10 मीटर उंचीवरून, म्हणजे तिमजली घराच्या गच्चीवरून पडणाऱ्या वस्तूस जमिनीशीं जो वेग येतो, तोच हा वेग. त्यांत कुत्रा वांचत नाहीं आणि ज्याच्यावर तो आदळतो त्याचीही धडगत नसते. पुढच्या आसनासमोरील एअरबॅग माणसाच्या मापानें केलेली. ती फुगली तर मांडीवरच्या कुत्र्यास तीच घातक ठरते. म्हणून कुत्र्याची जागा मागच्या आसनावर. दुकानदार ज्यास हार्नेस म्हणतात, तो छातीवर रुंद बसणारा पट्टा घालून मोटारीच्या सीटबेल्टला अडकवावा. गळपट्ट्यास मात्र कधींही बांधूं नये. हिसका बसतांच सारा ताण मानेवर येतो. लहान कुत्र्यास मजबूत पिंजरा चांगला, पण तोही बांधलेला असावा.

श्वन्, युवन् आणि मघवन् हे तीन शब्द पाणिनीनें एकाच सूत्रांत गोंविले, त्यावर पंडितांनीं पुष्कळ विनोद केला आहे. आमच्या मोटारींत मघवा नव्हता. पण पुढें गाडी हांकणारा युवा आणि मागें श्वा एवढी जोडी होती, आणि तिला एका सूत्रांत ठेवण्याचें काम त्या पट्ट्यानें केलें.

पहांटे पांचास निघालों. मोत्यास आदल्या रात्रीं नेहमीचें जेवण दिलें होतें; सकाळीं केवळ पाणी. भरल्या पोटीं घाट म्हणजे ओकारीस आमंत्रण. खंबाटकीचा घाट ओलांडून सुरूरच्या फाट्यावरून वाईस पोहोंचलों, तेव्हां कृष्णेच्या घाटावर कोंवळें ऊन पडलें होतें. ढोल्या गणपतीचें दर्शन आळीपाळीनें घेतलें. एक गट देवळांत, दुसरा मोत्यास घेऊन झाडाखालीं. ज्या गांवांत नारायणशास्त्री मराठे यांनीं प्राज्ञपाठशाळा चालविली आणि जेथें पुढें मराठी विश्वकोशाचें कार्य उभें राहिलें, त्या गांवास संस्कृत शिकलेल्या माणसानें मनांतल्या मनांत नमस्कार केल्याविना पुढें जाऊं नये. आम्हीं तो केला. मोत्यानें वाटींतून पाणी प्यालें व वडाच्या पारास प्रदक्षिणा घातली. दर दोन तासांनीं असा एक थांबा माणसांसही हितकरच असतो.

वाईच्या पुढें पसरणीचा घाट लागतो. वर चढूं लागलें, कीं धोमचें पाणी आणि कृष्णाकांठचीं शेतें खालीं खालीं जातात. येथें मोत्यानें खिडकींतून डोकें बाहेर काढण्याचा हट्ट धरला. हें दृश्य पाहणारास गोड वाटतें. परंतु वाऱ्याबरोबर येणारा खडा किंवा किडा डोळ्यांत गेला तर इजा होते, आणि समोरून येणाऱ्या वाहनास अंतर थोडें असतें. सूनबाईंनीं कांच चार बोटें उघडी ठेविली. वासापुरती तेवढी पुरे. थोड्याच वेळानें मोत्या वरचेवर ओंठ चाटूं लागला, जांभया देऊं लागला आणि त्याच्या तोंडास लाळ सुटली. मळमळीचीं हीं लक्षणें सूनबाईंस पशुवैद्यांनीं आधींच सांगितलीं होतीं. गाडी रुंद जागीं थांबवून त्यास दहा मिनिटें चालविलें, तों स्वारी पूर्ववत् झाली. ज्यास ओकारीचा फारच त्रास आहे त्यास पशुवैद्य औषध देतात, तेंच द्यावें. आपल्या डब्यांतील दुखण्याच्या गोळ्या कुत्र्यास विषासमान होऊं शकतात, हें घरांतील सर्वांनीं ध्यानांत ठेवावें.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1370 मीटर उंच. तेथें न्याहारी केली आणि आंबेनळी घाटानें पोलादपूरची वाट धरली. सावित्री नदी महाबळेश्वरीं उगम पावून याच बाजूनें कोकणांत उतरते. उजवीकडे कडा, डावीकडे दरी, थोड्या वेळानें डावीकडे कडा, उजवीकडे दरी, असें तें वळणांचें अखंड पाल्हाळ! प्रतापगडाचा फाटा मागें पडल्यावर एका वळणाच्या अलीकडे मंडळी देखावा पाहण्यास थांबली. कठड्यावर माकडांचा कळप बसला होता. “दार उघडण्यापूर्वीं दोरी हातांत” हा नियम आम्हीं निघतांनाच घालून दिला होता आणि सूनबाईंनीं दोरी मनगटास गुंडाळलीही होती. तेवढ्यांत बटूनें उत्साहानें दार उघडलें. मोत्यानें माकडें पाहिलीं आणि बाणासारखी झेंप घेतली. कठडा गुडघ्याएवढा, पलीकडे झाडांचे शेंडे दिसावेत इतकी खोल दरी. दोरी ताठ झाली, छातीच्या पट्ट्यानें हिसका सोसला आणि मोत्या कठड्याच्या दोन हात अलीकडे थांबला. सूनबाईंच्या मनगटावर लाल वळ उठला होता. कोणी कांहीं बोललें नाहीं. मातोश्रींनीं बटूस जवळ घेतलें आणि मोत्याच्या पाठीवरून हात फिरविला. सोंवळ्याचा विचार त्या वेळीं त्यांस सुचला नसावा.

घाट उतरूं लागलें, कीं हवा झपाट्यानें पालटते. हजार मीटर खालीं आलें म्हणजे उष्णता साधारणतः सहा-सात अंश सेल्सिअस वाढते. सकाळीं शाल लागत होती आणि पोलादपुरांत अंगाची लाही होऊं लागली. माध्यान्हीं जेवणास थांबलों. धाकटे बंधु म्हणाले, “कांचा दोन बोटें उघड्या ठेवा, अर्ध्या तासांत जेवून येऊं.” पुतण्या ऐकेना. वाद वाढूं लागला, तेव्हां आम्हीं पिशवींतील उष्णतामापक यंत्र काढलें. मोत्यास पडवीच्या सांवलींत बांधलें आणि कांचा दोन दोन बोटें उघड्या ठेवून यंत्र रिकाम्या मोटारींत टांगलें. बाहेर पारा 36 अंशांवर होता. वीस मिनिटांनीं मोटारींत पाहिला, तों 51! बंधूंनीं यंत्र स्वतःच्या हातीं घेऊन दोनदां वाचलें आणि पुढच्या पंगतीस आपण मागाहून बसतों, असें म्हणून मोत्याजवळ पाट मांडला.

हा कांहीं त्या एका मोटारीचा दोष नव्हे. उन्हांतील बंद मोटार पहिल्या दहा मिनिटांतच बाहेरच्यापेक्षां सुमारे 10 अंशांनीं तापते, आणि कांच थोडी उघडी ठेवल्यानें फारसा फरक पडत नाहीं, असें शास्त्रज्ञांनीं मोजून दाखविलें आहे. कुत्र्यास माणसाप्रमाणें सर्वांगास घाम येत नाहीं. धापा टाकून, जिभेवाटें ओलावा उडवून, तो अंगांतील उष्णता बाहेर काढतो. कोकणची दमट हवा या उपायासही अडथळा करते. चपट्या नाकाच्या जातींस तर दुप्पट जपावें. कुत्र्याच्या अंगाची नेहमीची उष्णता 38 ते 39 अंश. ती 41 च्या वर गेली म्हणजे जिवावर बेततें. जोराची धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, लटपटणारे पाय हीं चिन्हें दिसतांच त्यास सांवलींत न्यावें, सर्वांगावर साधें पाणी ओतीत राहावें, वारा घालावा आणि मग विलंब न करतां पशुवैद्य गांठावा. पाणी त्याच्या इच्छेनें पिऊं द्यावें. घशांत ओतूं नये.

उन्हें कलल्यावर पोलादपूर सोडलें. कशेडीच्या डोंगरांत आतां बोगदा झाला आहे. खेडजवळच्या भरणें नाक्यावरून पश्चिमेस वळलों आणि आंबा-काजूंच्या बागांतून दापोलीस आलों. तेथून मुरुड जवळच. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बालपण याच गांवीं गेलें. सोळा-सतरा वर्षांचे असतां ते परीक्षेसाठीं येथून साताऱ्यापर्यंत डोंगर तुडवीत पायीं गेले, आणि तेथें “वयानें लहान दिसतोस” म्हणून त्यांस परत पाठविण्यांत आलें. जो सह्याद्रि त्यांनीं पायांनीं मोजला, तो आम्हीं गादीवर बसून उतरलों. पायीं जाणाऱ्या कुत्र्यास वाटेंत सांवली शोधतां येते, पाणी हुंगतां येतें, नको तेथें थांबतां येतें. मोटारींत बसविलेल्याचें हें सारें स्वातंत्र्य आपण काढून घेतों; म्हणून त्याची काळजीही आपल्याकडेच येते.

मुरुडच्या पुळणीवर मोत्या संध्याकाळींच जात असे. दुपारची वाळू तळवे भाजते, आणि समुद्राचें खारें पाणी पोटांत गेलें म्हणजे उलट्या होतात. रोज रात्रीं त्याच्या कानांत व बोटांच्या बेचक्यांत गोचिड्या पाहण्याचें काम नव्या ब्रह्मचाऱ्याकडे दिलें होतें. संध्येपेक्षां तें त्यानें अधिक नियमानें केलें, हें आजोबा या नात्यानें नमूद करणें भाग आहे.

जनावरास विनाकारण यातना होतील अशा रीतीनें वाहनांतून नेणें हा 1960 च्या प्राणिक्लेशप्रतिबंधक कायद्यानें गुन्हा आहे. तथापि कायद्याच्या भीतीनें करावी अशी ही गोष्ट नव्हे. पट्टा, पाणी, सांवली, वेळेवर थांबा आणि बंद मोटारींत क्षणभरही एकटा न ठेवणें, एवढें ज्यांस साधेल त्यांनीं खुशाल बरोबर न्यावें. ज्यांस साधणार नाहीं त्यांनीं ओळखीच्या मायाळू माणसास घरीं ठेवून त्यास घरींच सुखानें राहूं द्यावें. त्यांतही उणेपणा नाहीं. प्रवासांत माणसाचें लेंकरूं रडून सांगतें, म्हातारें माणूस “जरा थांबा रे” म्हणतें. मागच्या आसनावरील या सोबत्यास तें म्हणतां येत नाहीं. त्याच्या वतीनें तें म्हणणारें एक तरी माणूस प्रत्येक मोटारींत असावें.