फिरता दवाखाना

मोठ्या शहरात महापौर निवर्तला, की एखाद्या चौकाला त्याचे नाव मिळते. आम्हा सूर्यमाळकरांकडे चौक नाहीत, पाडे आहेत. मग आपल्या माणसाची कदर आम्ही करावी तरी कशी? जव्हारचे शेवटचे संस्थानिक यशवंतराव मुकणे यांचा विषय निघाला, की हा प्रश्न आम्हाला पडतो.

खरे तर आमचा मोखाडा तेव्हा इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात. कागदोपत्री आम्ही त्यांची प्रजा नव्हतो. पण बाजारहाट जव्हारचा, उरूस जव्हारचा. त्यामुळे राजाही आम्ही आपलाच मानला.

घराणे महादेव कोळ्यांचे. ‘शाह’ हा किताब १३४३ च्या सुमारास दिल्लीच्या सुलतानाकडून मिळाल्याचे सांगतात. नेमशाह, पतंगशाह ही नावे या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदली.

यशवंतराव १९२७ साली गादीवर आले, तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे होते. १९३८ मध्ये कारभार हाती आला. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हवाई दलात नोकरी केली. त्यांच्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत होते, औषधपाणी मोफत होते. वाचनालय होते, प्रसूतिगृह होते, आणि खेड्यापाड्यांसाठी फिरते दवाखाने होते.

१९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. गादी गेली, पण माणूस वाड्यात रुसून बसला नाही. १९६२ मध्ये भिवंडी मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून गेले. जन्माने राज्य मिळालेला माणूस लोकांकडे मत मागायला गेला! १९७८ मध्ये ते वारले.

त्यानंतर १९९२-९३ मध्ये याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. आजही पावसाळ्यात मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरून अडलेल्या बाळंतिणीला डोलीत घालून, ओढा ओलांडून रस्त्यापर्यंत आणावे लागते. डोली उचलणाऱ्या चौघांचे पाय चिखलात रुततात. आतली बाई कण्हत असते.

राजेशाही परत यावी, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. मत मिळाले ते मोलाचे आहे. पण राजाकडे दवाखाना मागणे ही विनवणी होती. आज तो मागणे हा आमचा हक्क आहे. पुतळ्याला वर्षातून एकदा हार घालता येतो. दवाखान्याची गाडी शेवटच्या पाड्यापर्यंत पोहोचली, तर यशवंतरावांची आठवण रोज जागेल. आम्हाला तरी याहून मोठी आदरांजली सुचत नाही.