टाकलेल्याचा जमाखर्च

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. नेहमीप्रमाणे जेसल पार्कच्या चौपाटीवर फिरावयास गेलो होतो. आदल्या रात्रीचे विसर्जन आटोपले होते आणि पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी नुकतेच ओसरू लागले होते. पलीकडे खाडीपुलावरून गाड्या जात होत्या. काठावरच्या तिवरांच्या उभ्या मुळांत भरतीने आणून टाकलेला कचरा अडकला होता. त्यात एक केशरी पिशवी दिसली. रंग ओळखीचा वाटला म्हणून वाकून पाहिले. चिखलाखाली अक्षरे होती. काठीने चिखल बाजूला केला आणि माझेच नाव वाचले.

ती आमच्याच घरची पिशवी होती. यंदा पर्युषणात सौभाग्यवतीने अठाई केली. पारण्याच्या दिवशी स्थानकात प्रभावना वाटली, ती अशा तीनशे पिशव्यांतून. एका बाजूला तपाच्या अनुमोदनेचा मजकूर, खाली परिवाराची नावे. संवत्सरीला चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागितली, दुसऱ्या दिवशी पिशव्या वाटल्या आणि दहा-अकरा दिवसांच्या आत त्यांतील एक खेकड्यांच्या बिळांवर पसरलेली मला सापडली.

पिशवी घरी आणली, धुतली आणि गॅलरीत वाळत घातली. सौभाग्यवतीने ती पाहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आठ दिवस पाणीसुद्धा उकळून, मोजून घेतले. आणि हे मात्र मोजायचे राहिले."

खरे सांगायचे तर आम्ही फसलोही होतो. पिशवी कापडासारखी मऊ होती म्हणून ती कापडीच आहे, असे समजून घेतली. प्रत्यक्षात नॉन-वोव्हन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. उन्हात त्यांचे धागे सुटतात, तुकडे होतात, पण माती होत नाही. महाराष्ट्र शासनाने मार्च 2018 मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, तेव्हा तिच्यात या पिशव्याही होत्या. छत्तीस वर्षे लोकांची कागदपत्रे बारकाईने तपासण्यात घालवलेल्या माणसाने स्वतःच्या नावाची पिशवी मात्र न तपासता घेतली.

त्या दिवशी मला माझ्या वडिलांचे दुकान आठवले. नगर जिल्ह्यातील एका बाजाराच्या गावी आमचे किराणा दुकान होते. दुकानात वस्तू येत आणि जात, पण फेकले असे फारसे काही जात नसे. तेलाचा पत्र्याचा डबा रिकामा झाला की त्याला झाकण बसवून तो धान्याचा डबा होई. गोणपाट उसवून, झटकून व्यापाऱ्याकडे परत जाई आणि त्याची नोंद वहीत होई. सुतळीचा तुकडा गुंडीला जोडला जाई. आलेली पाकिटे उलगडून त्यांच्या आतल्या कोऱ्या बाजूवर वडील आकडेमोड करीत. रद्दीच्या पुड्यांतून साखर जाई आणि त्या पुडीचा कागद गिऱ्हाइकाच्या घरी चूल पेटवायला उपयोगी पडे.

घरात आईचे, म्हणजे आमच्या बाईचे, राज्य होते. जेवण झाल्यावर थाळी धुऊन ते पाणी पिण्याचा नियम तिने आम्हा मुलांनाही लावला होता. विहिरीचे पाणी गाळल्यावर गाळण्यावर राहिलेले जीव पुन्हा त्याच विहिरीत हळुवार सोडले जात. जुन्या लुगड्यांची गोधडी होई, गोधडी विरली की तिची पायपुसणी होत. उरलेसुरले कपडे बोहारीण घेई आणि बदल्यात भांडे देई. फुटक्या भांड्यांची मोड तांबटाकडे जाई, गादीचा कापूस पिंजारी पुन्हा पिंजून देई. या सगळ्याला कोणी चळवळ म्हणत नसे. ती काटकसर होती आणि तिच्या मुळाशी 'जयणा' होती. बाईला अर्थशास्त्र येत नव्हते, पण वस्तूमागे किती जीवांची विराधना झालेली असते हे तिला माहीत होते. म्हणून हाती आलेली वस्तू पुरेपूर वापरणे तिला धर्माचा भाग वाटे.

आज याच व्यवहाराला 'चक्रीय अर्थव्यवस्था' असे नाव मिळाले आहे. ते नाव जगभर पोचवण्यात एलेन मॅकआर्थर या ब्रिटिश नाविक स्त्रीचा मोठा वाटा आहे. 2005 साली तिने एकटीने, कोठेही न थांबता, 71 दिवसांत शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली आणि तेव्हाचा विक्रम मोडला. नौकेवर जेवढे अन्न, जेवढे इंधन घेतले तेवढेच. भर समुद्रात दुकान नसते. आपली पृथ्वीही अशीच एक नौका आहे, हा विचार तिच्या मनात रुजला आणि 2010 मध्ये तिने या कामासाठी संस्था स्थापन केली. व्यापारी वाचकांना ही कल्पना एका वाक्यात सांगता येईल. आजची रीत 'घ्या, वापरा, फेका' अशी सरळ रेषेची आहे. चक्रीय रीतीत वस्तू आधी कमी घ्यायची, घेतली तर टिकवायची, दुरुस्त करायची, दुसऱ्याला द्यायची आणि शेवटी तिचा धातू, कागद, काच पुन्हा कच्चा माल म्हणून कारखान्यात पोचवायची.

आपण नामे आणि जमा या दोन बाजू मांडणारी माणसे आहोत. एका बाजूला लिहिलेली रक्कम दुसऱ्या बाजूला कोठेतरी दिसलीच पाहिजे, नाहीतर तेरीज जुळत नाही. कचऱ्याच्या बाबतीत मात्र आपण एकच बाजू लिहितो. पिशवी दाराबाहेर ठेवली की आपल्या वहीत ती निरंक. दुसरी नोंद कोणाच्या खाती पडते?

ती पाहण्यासाठी मी एके दिवशी भाईंदर पश्चिमेहून मुर्धे-राईच्या रस्त्याने उत्तनला गेलो. आपल्या शहराचा कचरा तेथील धावगी डोंगरावर जातो. या ढिगाला अनेकदा आगी लागल्या आहेत. धुराबद्दल, दुर्गंधीबद्दल आणि पावसाळ्यात डोंगरावरून उतरणाऱ्या काळ्या पाण्याबद्दल तेथील रहिवाशांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या, आंदोलने केली. ती वस्ती प्रामुख्याने मासेमारी करणाऱ्यांची आहे. त्यांचा व्यवसाय आपल्या आचाराशी जुळणारा नाही, हे मनात येतेच. पण त्यांच्या मुलांच्या छातीत जाणारा धूर आपल्या शाकाहारी स्वयंपाकघरांतूनही निघालेला आहे, हेही तितकेच खरे. परतीच्या बसमध्ये माझ्या मनात हीच दुसरी नोंद होती.

ढिगाला आग का लागते, हेही समजून घ्यावे. ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत कोंडला, त्यावर आणखी कचरा पडला की हवा न मिळाल्याने तो कुजतो आणि मिथेन वायू तयार होतो. हा वायू पेट घेतो. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट उष्णता धरून ठेवतो. सुका कचरा ओल्यात मिसळला की त्याचेही मोल जाते. भाजीच्या पाण्याने भिजलेला कागद भंगारवालाही घेत नाही. म्हणून 2016 च्या घनकचरा नियमांनी प्रत्येक घराला ओला, सुका आणि घातक असे तीन भाग करण्यास सांगितले. वेंगुर्ले नगरपरिषदेने हे वर्गीकरण मनावर घेतले, ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत केले, प्लास्टिकचा चुरा रस्त्यांच्या डांबरात वापरला आणि जुन्या कचराडेपोच्या जागी लोक पाहायला जातील असे उद्यान उभे राहिले. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत 1993 पासून संघटित आहे आणि त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते. आपल्या भाईंदर पूर्वेला तर स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. स्टील कितीही वेळा वितळवता येते. ॲल्युमिनियम भंगारातून पुन्हा बनवले तर खनिजापासून बनवण्याच्या मानाने सुमारे 95 टक्के ऊर्जा वाचते. एकेका डब्यात, झाकणात एवढे भांडवल शिल्लक असते, आणि आपण ते बुडीत खाती टाकतो.

हे सर्व मी उत्साहाने घरी मांडले आणि सोसायटीच्या आवारात ओल्या कचऱ्याचे खत करण्याचा प्रस्तावही मांडला. तेव्हा पहिला विरोध घरातूनच झाला. "खड्ड्यात असंख्य जीव उत्पन्न होणार, गांडुळे मरणार. हे पाप आपण आपल्या दारात का करायचे?" सौभाग्यवतीचा प्रश्न अज्ञानाचा नव्हता, आपल्यापैकी अनेकांच्या मनातला, श्रद्धेतून आलेला प्रश्न होता. माझ्याकडे उत्तर नव्हते. मी एवढेच म्हणालो, "आपण खड्डा केला नाही म्हणून जीव उत्पन्न व्हायचे थांबत नाहीत. ते उत्तनला होतात, अधिक होतात आणि आगीत जळतात. आपण हिंसा टाळली, की फक्त दूर पाठवली?"

आम्ही दोघे महासतीजींच्या दर्शनाला गेलो. खड्डा करा किंवा करू नका, असे साधू-साध्वी सांगत नाहीत. गृहस्थाच्या आरंभ-समारंभाची आज्ञा देणे त्यांच्या आचारात बसत नाही. त्यांनी आम्हाला फक्त पाच समितींची आठवण करून दिली. चौथी आदान-निक्षेपण, वस्तू पाहून उचलणे व पाहून ठेवणे. पाचवी परिष्ठापनिका, टाकावयाचे ते निर्जीव जागा पाहून, कोणाला पीडा होणार नाही असे टाकणे. दररोज सामायिक करणाऱ्या आम्हा दोघांना या समित्या पाठ होत्या. टाकण्याचीही साधना असते, टाकण्याचेही नियम असतात, हे मात्र त्या दिवशी प्रथमच कानांत शिरले. तसेच श्रावकाच्या बारा व्रतांतील पाचवे परिग्रह-परिमाण, सातवे उपभोग-परिभोग-परिमाण आणि आठवे अनर्थदंड-विरमण ही तीन व्रते एकत्र ठेवली तर चक्रीय अर्थव्यवस्थेचा निम्मा अभ्यासक्रम होतो, हेही ध्यानात आले.

मग आम्ही आमच्यापुरता मार्ग काढला. उष्टे उरू द्यायचे नाही. बाईचा थाळी धुऊन पिण्याचा नियम पुन्हा सुरू झाला. त्यामुळे ओल्या कचऱ्यात आता साली आणि देठ एवढेच राहते. ते कोंडून न ठेवता त्याच दिवशी गॅलरीत परातीत पसरून वाळवतो. वाळल्यावर त्यांचे वजन फारच थोडे उरते, वास येत नाही, जीव पडत नाहीत. ती वाळलेली साल सोसायटीचा माळी सुक्या पानांबरोबर झाडांच्या बुंध्याशी पसरतो. सर्व शंका फिटल्या, असे मी म्हणणार नाही. पण आमच्या दारातून कोंडलेली ओली पिशवी जाणे बंद झाले. सुका कचरा धुऊन, वाळवून महिन्यातून एकदा भंगारवाल्याला देतो. बॅटऱ्या, जुने फोन, ट्यूबलाइट वेगळ्या डब्यात साठवतो.

आणखी एक प्रश्न राहतो आणि तो आपल्या धंद्याचा आहे. माझा एक पुतण्या प्लास्टिक व थर्माकोलच्या पत्रावळी-द्रोणांचा ठोक व्यापार करीत असे; बंदीनंतर कागदी प्लेट-ग्लासांकडे वळला. स्वामीवात्सल्यात स्टीलच्या थाळ्या वापरा, असे मी स्थानकात बोललो, तेव्हा तो घरी येऊन म्हणाला, "काका, तुमची पेन्शन चालू आहे. माझे दुकान कोण चालवणार?" मला राग आला नाही; प्रश्न बरोबर होता. शास्त्रातील पंधरा कर्मादानांच्या यादीत प्लास्टिकचे नाव नाही, कारण तेव्हा प्लास्टिक नव्हते. पण ती यादी कोणत्या दृष्टीने केली आहे, हे त्यालाही कळते. मी त्याला बँकवाल्याच्या भाषेत सांगितले, "2018 च्या बंदीत तुझा किती माल गोदामात अडकला, ते आठव. जुलै 2022 मध्ये देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. ज्या मालावर दर चार वर्षांनी टांगती तलवार, त्यावर मी तरी कर्ज मंजूर करताना दहादा विचार केला असता." त्याने धंदा सोडलेला नाही. पण दिवाळीनंतर त्याने पाचशे स्टीलच्या थाळ्या-वाट्या घेतल्या आणि त्या धुण्याच्या सोयीसह भाड्याने देऊ लागला. एकच थाळी शंभर वेळा कमाई करते, हे व्यापाऱ्याच्या मुलाला शिकवावे लागत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी कोणी कापडाचा व्यापार करतो, कोणी भांड्यांचा, कोणी किराण्याचा. गिऱ्हाइकाने घरची पिशवी आणली तर त्याला दोन रुपये सूट देणे, रिकामा डबा अनामत परत करून घेणे, कपड्याला रफू आणि मिक्सरला दुरुस्ती करून देणे, हे आपल्या आजोबांच्या दुकानांत होतच होते. नवीन शिकण्यापेक्षा विसरलेले आठवणेच अधिक आहे.

ती केशरी पिशवी मी फेकली नाही. फेकली तर ती पुन्हा कोठेतरी जाणारच. भंगारवाल्याकडे नेण्याचा सुका माल आता तिच्यातच साठतो. पुढच्या वर्षी माझ्या सुनेचा अठाई करण्याचा भाव आहे. प्रभावनेसाठी जुन्या सुती साड्यांच्या पिशव्या शिवायला सौभाग्यवतीने आतापासूनच घेतल्या आहेत. चाळीस झाल्या आहेत. मी विचारले, "नावे कशी छापायची?" ती शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "तप करणाऱ्याचे नाव पिशवीवर कशाला हवे?"

जय जिनेंद्र.