तांबडा दिवा

आमच्या मोटारीत चार महिने एक तांबडा दिवा लागत होता. वेगाच्या काट्याशेजारी, बसलेल्या माणसापुढं फुगा धरावा असं त्याचं चित्र. एअरबॅगच्या यंत्रणेत बिघाड आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर मी केलेला पहिला उपाय माझ्या स्वभावाला शोभेल असाच होता. दिव्यावर कागदाचा एक चौकोनी तुकडा चिकटवला.

मोटार चालत होती, ब्रेक लागत होते, मुळेच्या पुलावरून रोज जा-ये होत होती. मग एका दिव्याचं एवढं काय मनावर घ्यायचं? मी स्वतः वीस वर्षं तांबडी पेन्सिल चालवतो आहे. तिचं तरी कुणी मनावर घेतलं?

पण मोटार विकायचं ठरलं. आमच्या कॉलेजातले एक तरुण सहकारी रविवारी ती पाहायला येणार होते. घरात बायको आणि दोन वर्षांचं मूल. कागदाचा तुकडा त्यांना दिसता कामा नये, म्हणून शनिवारी मी नगर-मनमाड रस्त्यावरच्या एका गॅरेजात गेलो. गॅरेजवाला माझा जुना विद्यार्थी. पहिल्या वर्षाला मराठीत दोनदा नापास होऊन त्यानं कॉलेज सोडलं होतं. नापास करणारा अर्थात मीच.

"अरे, एवढा दिवा तेवढा विझव," मी म्हणालो.

कागद काढून तो हसला. "विझवणं पाच मिनिटांचं काम आहे, सर. एअरबॅगच्या जागी दोन-एक ओहमचा रेझिस्टर जोडला की गाडीला वाटतं, पिशवी जागेवर आहे. दिवा जातो. पण धडक बसली की उघडणार काय? हे कॉपी करून पास झाल्यासारखं आहे."

ज्याला मी कधी पास केलं नाही, त्याच्याकडून हे ऐकून घ्यावं लागलं. उत्तर सुचेना.

स्टिअरिंगच्या खाली त्यानं एक लहानसं यंत्र जोडलं. चालकाच्या सीटमधल्या, बाजूच्या एअरबॅगच्या तारेत रोध फार वाढला आहे, असं त्यावर आलं. "म्हणजे पिशवीच गेली की रे!" मी हबकलो.

"नाही सर. हा कोड म्हणजे रोगाचं नाव नव्हे, नुसती दुखण्याची जागा. पिशवी बिघडलेली असेल, तार तुटलेली असेल, नाही तर जोडणी सैल झालेली असेल. नुसता कोड वाचून पिशवी बदलली, तर हजारो रुपये जातात आणि दिवा तसाच राहतो."

त्यानं बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडवली आणि चक्क चहा मागवला. घाई मला होती, त्याला नव्हती. धडकेत बॅटरी चिरडली तरी पिशवी उघडावी म्हणून यंत्रणेच्या पेटीत थोडी वीज साठवलेली असते. ती उतरेपर्यंत हात लावायचा नाही. बाकावर मीटर पडला होता. "त्यानं पिशवीच मोज की," मी शहाणपणा केला. तो दचकलाच. पिशवी फुगवायला आत दारूची ठिणगी असते; साध्या मीटरची इवलीशी वीजही तिला पेटवू शकते. आणि एकदा पेटली की पापणी लवायच्या आत पिशवी फुगते.

१ जुलै २०१९ पासून आपल्याकडं नव्या मोटारींना चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली. तोवर आम्ही देवावर आणि हॉर्नवर भिस्त ठेवून, हंगामात उसाच्या बिनदिव्याच्या ट्रॉल्या चुकवत, याच रस्त्यानं हिंडलो. तिच्या इंग्रजी नावातही 'पूरक' हा शब्द आहे. मुख्य पट्टा, पिशवी पूरक. हेही मला त्या दिवशीच कळलं.

चहा पिता पिता मी विचारलं, "तुझं मराठी कुठं अडलं होतं रे?"

"गळिताच्या दिवसांत कारखान्यावर रात्रपाळी असायची, सर. सकाळच्या तासाला डोळे मिटायचे. तुम्ही पेपरवर लिहिलं होतं, 'अभ्यास नाही'."

आवाजात राग नव्हता. माझा शेरा खोटाही नव्हता. पण तो नुसता दिवा होता. तार कुठं सैल झाली आहे, हे मी दोन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.

दहा मिनिटांनी तो सीटखाली वाकला. "सर, इथं काय ठेवता?"

"उत्तरपत्रिकांचे गठ्ठे."

गठ्ठे आत ढकलताना पिवळ्या जोडणीला रोज हिसका बसत होता. एअरबॅगच्या जोडण्या ओळखू याव्यात म्हणून बहुधा पिवळ्या करतात. मी त्या कधी वाकून पाहिल्याच नव्हत्या. आतली एक पट्टी फाकली होती. त्यानं जोडणी बदलली, तारेला थोडी ढील दिली, ती सीटच्या सांगाड्याला बांधली, बॅटरी जोडून कोड पुसला. किल्ली फिरवली. दिवा लागला, काही क्षण राहिला आणि गेला.

"हा असा लागून जायला हवा," तो म्हणाला. "मुळीच लागला नाही, तर कुणी तरी त्याचं तोंड बंद केलं आहे असं समजायचं. जुनी गाडी घेणाऱ्यानं हे आधी पाहावं."

रविवारी मी सहकाऱ्यांना कागदाच्या तुकड्यासकट सगळं सांगितलं. त्यांनी तीन वेळा किल्ली फिरवून पाहिली, आणि गाडी घेतली.

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आता घरी टेबलावर असतात. परवा एका पेपरवर 'अभ्यास नाही' असं लिहायला पेन्सिल टेकवली. मग ती खाली ठेवली आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बोलावून घेतलं.