मागच्या पानावरची उधारी

माझ्या दुकानातल्या उधारीच्या वहीत गिऱ्हाइकांची नावं पुढून सुरू होतात. मागच्या पानावर एकच ओळ आहे आणि तिथे देणेकरी मी आहे: '13005, पाच नग. काका, खामगाव.' पुढची रकमेची जागा कोरी.

अमडापूरकडच्या आमच्या गावात मी रिपेअरिंग सुरू केलं, तेव्हा कपाशी-सोयाबीनवर फवारायला पाठीवरचे बॅटरीपंप नुकतेच आले होते. पंप टिकायचे, चार्जर उडायचे. बारा व्होल्ट, 1.7 अँपिअरचा तो हलका डबा उघडला की आत ठरलेलं दृश्य: फ्यूजचा रेझिस्टन्स काळा पडलेला, स्विचिंग ट्रान्झिस्टर शॉर्ट. 13003 काढायचा, नवा 13003 लावायचा, सिरीज बल्बवर तपासायचा, पैसे घ्यायचे.

एक शेतकरी आठ-आठ दिवसांनी तोच चार्जर घेऊन यायला लागला. तिसऱ्या खेपेला मी हुशारी केली. 13003 दीड अँपिअरचा, 13007 आठ अँपिअरचा. मोठा म्हणजे दणकट. पाय वाकवून कसाबसा बसवला. पंधरा मिनिटांत हीटसिंकला बोट लावणं मुश्कील झालं, आणि मग फट्. त्या माणसाची एका दिवसाची फवारणी बुडाली. तो बोलला काहीच नाही, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी जळकी पाटी पिशवीत घालून एसटीने खामगाव गाठलं. काकांचं दुकान चांदीच्या बाजारामागे, एका जिन्याखाली. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीच्या काळापासून ते तिथेच. पाटी त्यांनी उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली.

"काऊन गा, रात्री त्याच्या घरी मीटर लावला होता काय?"

"रात्री कशाला, काका?"

"मंग चार्जर कधी लावते तो?"

मी त्यांच्या दुकानातून शेतकऱ्यासाठी एक चालू चार्जर घेऊन निघालो. त्यांनी तो न मागताच हातात दिला होता. त्या रात्री शेतावर थांबलो. हा माणूस शेतातच राहायचा, घरची लाइन मोटारींच्याच डीपीवर. मोटारी चालू होत्या तोवर मीटर 170 दाखवत होता. त्या बंद झाल्या आणि काटा चढत चढत 268 वर गेला.

पुढच्या फेरीत काकांनी बिडीच्या कागदावर हिशेब मांडला. 230 व्होल्ट रेक्टिफायरमधून गेले की कपॅसिटरवर 325 होतात. 268 चे 379. ट्रान्झिस्टर बंद होतो त्या क्षणी ट्रान्सफॉर्मर उलटा रेटा देतो, तो शंभरेक धर. त्यावर गळतीचा टोकदार झटका, स्नबर धड असला तरी दीडशेपर्यंत. झाले सव्वासहाशेच्या वर. 13003 चा मोठा आकडा 700. म्हणजे तसा तरायला हवा होता.

"पण आकडे दोन असते," काका म्हणाले. मला एकच माहीत होता. 700 हा बेस उलट्या बाजूला ओढून धरलेला असेल तेव्हाचा. बेस मोकळा सोडला तर तोच ट्रान्झिस्टर 400 चा. आमच्या पाटीवर बेसला ओढ देणारा छोटा कपॅसिटर सुकला होता. मी दर वेळी ट्रान्झिस्टर बदलत होतो आणि मारेकऱ्याला शेजारीच बसवून ठेवत होतो.

13007 चं गणित वेगळं. हे ट्रान्झिस्टर गेनने गरीब. एक अँपिअर न्यायचा तर बेसला पाव अँपिअरच्या आसपास हवा. बेसला करंट देणाऱ्या छोट्या वाइंडिंगची तेवढी ऐपत नसली की मोठा ट्रान्झिस्टर नीट उघडतही नाही, आणि उघडला तर बंद व्हायला रेंगाळतो. त्या रेंगाळण्यातच तापतो. तसा हा मोठेपणाचा भ्रम मला पुढेही पुष्कळ वर्षं पुरला, 1500 व्होल्टचा टीव्हीचा बीयू508 पाहिला की हात शिवशिवायचे.

शेवटी 13005 ठरला, चार अँपिअरचा. व्होल्टेज 13003 इतकंच. पण मोटारी चालू असताना 170 वर चार्जर तेवढीच ताकद काढायला करंट जास्त ओढतो, तिथे थोडी जागा राहते. कपॅसिटर नवा. स्नबरच्या डायोडच्या जागी कुणीतरी साधा 4007 ठोकला होता, तो काढून फास्ट डायोड. "दिवसा करंट मारते, रात्री व्होल्टेज," एवढं सांगून काकांनी डबीतून पाच ट्रान्झिस्टर मोजून दिले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला अस्सल माल. इथल्या बाजारात नुसता नंबर छापलेला माल बराच.

तो चार्जर पुढे तीन हंगाम चालला. चौथ्यात उंदराने वायर कुरतडली, त्याला माझा इलाज नाही.

पैसे द्यायला मी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा नोटा काउंटरवर ठेवल्या, तेव्हा काकांनी चहापुरते उचलले आणि बाकीचे परत सरकवले.

"सगळं चुकतं केलं तर येशीन कायले?"

आता त्यांचा हात थरथरतो. बारीक सोल्डरिंग जमत नाही म्हणून महिन्यातून एखादा रविवार मी खामगावला काढतो. परवा गेलो तर त्यांनी एक चार्जर माझ्यापुढे ढकलला आणि चष्मा पुसत बसले. ट्रान्झिस्टर शॉर्ट दिसतच होता. मी आधी कपॅसिटर काढला. त्यांनी चष्मा चढवला आणि पोराला चहा सांगितला, दोन.