ओरेस्तिआदाच्या तीरावर

संत पौलाच्या पाऊलखुणा शोधीत ग्रीसला जाणारे भाविक बहुधा थेस्सलनीका आणि बिरुया पाहून परत फिरतात. आम्ही मात्र तेथून पश्चिमेची वाट धरली आणि डोंगराळ मुलखातील कास्तोरिया गाठले. समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटर उंचीवर ओरेस्तिआदा सरोवर पसरले आहे. त्यात शिरलेल्या भूशिरावर हे शहर वसले आहे. वसईच्या किनाऱ्यावर वाढलेल्या आमच्या डोळ्यांना भरती-ओहोटी नसलेल्या त्या निश्चल पाण्याचे मोठे नवल वाटले.

ह्या लहानशा शहरात बायझंटाईन आणि नंतरच्या काळातील अनेक चर्चेस आहेत. आपल्याकडील भव्य चर्चशी त्यांची तुलना करू नये. कित्येक तर एखाद्या खोलीएवढीच आहेत, कारण ती धनिक कुटुंबांनी आपल्या प्रार्थनेसाठी बांधली. बाहेर विटांची नक्षी, आत भिंतभर संतांची चित्रे. पवित्र मरियेच्या कुबेलिदिकी चर्चच्या प्रवेशदालनात वर पाहावे, तर छतावर पवित्र त्रैक्य रंगविलेले दिसते : पित्याच्या मांडीवर पुत्र आणि पुत्राजवळ कबुतराच्या रूपात पवित्र आत्मा.

ते चित्र पाहताना आम्ही अंतर्मुख झालो. पवित्र आत्मा केवळ पित्यापासून येतो, की पित्यापासून व पुत्रापासून, ह्या वादानेही पूर्व आणि पश्चिम ख्रिस्तसभा एकमेकींपासून दुरावल्या. दुरावा शब्दांपुरता राहिला नाही. इ. स. १०८२ मध्ये पश्चिमेच्या नॉर्मन सैन्याने कास्तोरिया जिंकले. इ. स. १२०४ मध्ये क्रूसेडच्या योद्ध्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटले. ख्रिस्ताचा क्रूस मिरविणाऱ्यांनी ख्रिस्ताचीच मंदिरे भ्रष्ट केली! पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी ४ मे २००१ रोजी अथेन्समध्ये त्याबद्दल परमेश्वराची क्षमा मागितली.

रविवारी एका छोट्या चर्चमध्ये आम्ही उपासनेस उभे राहिलो. भाषा कळत नव्हती, तरी विधीचा प्रत्येक टप्पा ओळखीचा होता. पवित्र कम्युनियनच्या वेळी मात्र आम्ही जागीच थांबलो. तीस वर्षे वेदीवर भाकर मोडणाऱ्या आम्हांला त्या वेदीपाशी जाता येत नव्हते. दुभंगलेली ख्रिस्तसभा म्हणजे काय, हे सेमिनरीतील ग्रंथांपेक्षा त्या दोन-चार पावलांच्या अंतराने आम्हांला अधिक शिकविले. उपासना संपल्यावर वृद्ध धर्मगुरूंनी आशीर्वादित भाकरीचा तुकडा सर्वांबरोबर आमच्याही हातावर ठेवला. ते कम्युनियन नव्हते. पण परकेपणही नव्हते.

सायंकाळी सरोवराकाठच्या माव्रिओतिस्सा मठात गेलो. पश्चिमेच्या भिंतीवर पवित्र मरियेच्या महानिद्रेचे मोठे चित्र आहे. माता पहुडलेली आहे आणि प्रभू येशूने तिचा आत्मा तान्ह्या बाळासारखा हाती घेतला आहे. १५ ऑगस्टला हा सण तेही पाळतात, आपणही पाळतो. एकाच मातेची ही लेकरे एका ताटात कधी जेवतील? वाचकहो, येत्या मरियेच्या सणाला आपल्या घरच्या रोझरीत एक रहस्य ह्या हेतूसाठी अर्पण करा.