फेणीच्या ग्लासात काजूगर

जेवणानंतर घ्यायचं दाट, गोड, सुक्यामेव्याच्या चवीचं कॉकटेल म्हटलं की पहिलं नाव येतं ‘टोस्टेड आमंड’चं. त्यात आमारेत्तो (बदामी चवीचं लिकर), कॉफी लिकर आणि क्रीम असतं. बदाम मात्र बहुधा औषधालाही नसतो. इटलीच्या दिसारोन्नो या प्रसिद्ध आमारेत्तोची बदामी चवही जर्दाळूच्या बीमधल्या गराच्या तेलातून येते. म्हणजे चव बाटलीतली, दाटपणा दुधाचा आणि बदाम फक्त नावापुरता! घरी मिक्सर असताना एवढी उसनवारी कशाला, असं मला वाटतं. पेय सुक्यामेव्याचं असेल, तर दाटपणाही त्याचाच असावा, आणि त्यासाठी काजूसारखा दुसरा गर नाही. शंभर ग्रॅम काजूत सुमारे 44 ग्रॅम स्निग्धांश असतो, शिवाय बदामापेक्षा पिष्ट बरंच जास्त. म्हणून वाटलेला काजू क्रीमसारखा मऊ, दाट होतो. बदामाची सालं काढा, वाटा, मग फडक्यातून गाळा; काजूला सोलणं नाही, गाळणं नाही, नुसतं वाटणं. मी दोन ग्लासांसाठी साधारण 45 ग्रॅम काजू गरम पाण्यात अर्धा तास भिजवतो, निथळून 100 मिलिलिटर थंड पाण्यात अगदी गुळगुळीत वाटतो. त्यात 90 मिलिलिटर काजूफेणी, दोन मोठे चमचे काकवी आणि चिमूटभर मीठ घालून बर्फाबरोबर जोरात हलवतो. वरून जायफळ.

फेणीच का? काजू पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला. फेणी होते ती बोंडांच्या आंबवलेल्या रसाची, बी बाजूला काढून. गोव्याच्या या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बी आणि बोंड सहसा वेगवेगळ्या ताटांत जातात. इथे ती एकत्र येतात.

फेणीच्या वासाने लोक नाक मुरडतात, हे खरं. पण हा आक्षेप सोड्यातल्या फेणीला जास्त लागू पडतो. वासाचे बरेच घटक स्निग्धात विरघळतात आणि थंडीत कमी उडतात, त्यामुळे काजूच्या दुधात तिचा उग्रपणा उतरतो. फळाचा आंबूस सुगंध तेवढा उरतो. तरीही नको असेल, किंवा मुंबई-पुण्यात फेणी मिळाली नाही, तर डार्क रम चालते. जोडीचं कौतुक जातं, चव जात नाही. ही तर दारू घातलेली ठंडाई, असंही कुणी म्हणेल. म्हणू द्या. फरक इतकाच, की ठंडाईत दुधावर सगळी भिस्त असते. इथे दूध नाही, म्हणून काकवीच्या आंबटपणाने फाटायचं भयही नाही. रवाळपणाची तक्रार मात्र रास्त आहे. काजू कमी भिजला किंवा एकदम भरपूर पाण्यात वाटला, तर कण राहतात. आधी थोड्या पाण्यात घट्ट वाटून मग सैल करावं. हे काजूचं दूध फार टिकत नाही, त्याच दिवशी संपवावं. आणि पाहुण्यांना काजूची ॲलर्जी आहे का, हे ग्लास हातात देण्यापूर्वी विचारावं. दुधाळ पेयात काजू आहे हे पाहून कळत नाही.